भिंतीआडची माहिती

पंधरा मजल्यांची इमारत जमिनीवर एकच उभी राहते, पण कागदावर तिच्या निदान चार-पाच आवृत्त्या असतात. आर्किटेक्टच्या नकाशात भिंती, दारं आणि खिडक्या. आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये कॉलम, बीम, स्लॅब आणि त्यांतल्या सळया. प्लंबिंगच्या कागदावर पाणी आणि सांडपाणी. वीज, वातानुकूलन आणि अग्निशमन यांची ड्रॉइंग आणखी निराळी, निराळ्या सल्लागारांनी निराळ्या तारखांना काढलेली. या सगळ्यांचा मेळ घालायची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आपल्याकडच्या बऱ्याच करारांत नीट लिहिलेलंच नसतं. मग तो मेळ साइटवर घातला जातो, आणि तो घालतो मुकादम, फिटर किंवा कोअर कटिंगचं मशीन घेऊन आलेला माणूस. बांधकामातला उशीर, वाढता खर्च आणि राहायला गेल्यावर सुरू होणारी गळती यांचं एक मोठं मूळ या मेळ न बसलेल्या माहितीत असतं. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बीआयएम, हा त्याच दुखण्यावरचा उपाय आहे. मात्र संगणकावर फिरवून दाखवायचं सुरेख त्रिमितीय चित्र एवढ्याच नजरेने आपण त्याच्याकडे पाहत राहिलो, तर पैसे खर्च होतील आणि दुखणं जिथल्या तिथे राहील, असं माझं म्हणणं आहे.

एक साधा हिशोब मांडून पाहू. समजा, कार्यालयांच्या एखाद्या इमारतीत एका जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत ३.६ मीटर उंची धरली आहे. आरसीसी ड्रॉइंगप्रमाणे मधला मोठा बीम ७५० मिलिमीटर खोल आहे, म्हणजे बीमखाली उरले २.८५ मीटर. वातानुकूलनाचा डक्ट इन्सुलेशनसकट ४०० मिलिमीटरचा, उरले २.४५. त्याखाली स्प्रिंकलरचा पाइप आणि फॉल्स सीलिंगची चौकट मिळून १०० मिलिमीटर गेले की हातात राहतात २.३५ मीटर. आणि आर्किटेक्टने मालकाला कबूल केलेली उंची आहे २.६ मीटर. प्रत्येक ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर आहे, प्रत्येकावर सही आहे, तरीही २५० मिलिमीटर, म्हणजे वीतभर जागा, कमी पडते. हे डक्ट टांगायच्या दिवशी लक्षात आलं तर वाटा थोड्याच उरतात: छत खाली घ्यायचं, डक्ट चपटा आणि रुंद करून पुन्हा बनवून आणायचा, नाहीतर बीम फोडून वाट काढायची. बीमला भोक पाडणं कधी चालून जातं, कधी घातक ठरतं. कॉलमजवळच्या टोकाला कातरबल सर्वाधिक असतं आणि ते पेलायलाच तिथे रिंगा जवळजवळ बांधलेल्या असतात. मशीन नेमक्या त्याच कापत जातं. हीच गोष्ट काँक्रीट ओतण्याआधी कळली असती, तर पाइपांसाठी योग्य जागी स्लीव्ह सोडता आल्या असत्या, बीम रुंद करून त्याची खोली कमी करता आली असती, किंवा डक्टचा मार्गच बदलता आला असता. तेव्हा काम एक-दोन दिवसांचं होतं, आणि तेही टेबलावरचं.

बीआयएममध्ये ही सगळी मंडळी आपापलं काम एकाच मूळ बिंदूपासून मोजलेल्या, एकाच चौकटीत मांडतात. त्या मॉडेलमध्ये भिंत दोन समांतर रेघांनी दाखवून भागत नाही. ती किती जाड, कशाची, कोणत्या मजल्यावरची, आग किती वेळ रोखू शकणारी, तिच्यात कोणतं दार बसणार, हे सगळं त्या भिंतीलाच जोडलेलं असतं. भिंत सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि विटांचं परिमाण एका दमात बदलतं. डक्ट बीममध्ये घुसत असेल तर संगणक तो क्लॅश दाखवतो. प्रत्येक भागाला वेळापत्रक जोडलं की चौथी मिती आणि खर्च जोडला की पाचवी, अशी या व्यवसायात बोलायची रीत आहे. कल्पना तशी जुनी. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी संशोधकाने १९७० च्या दशकाच्या मध्यालाच ती मांडली होती: इमारतीचं एकच वर्णन संगणकात ठेवावं, ड्रॉइंग त्यातून हवी तशी काढावीत, बदल एकदाच करावा आणि मोजमापंही त्यातूनच मिळावीत. त्या काळचे संगणक या कामाला तोकडे होते. आज ती अडचण उरलेली नाही, आणि तरीही ईस्टमन यांच्या कल्पनेचा गाभा बहुतेक प्रकल्पांच्या हाती लागलेला नाही. याचं कारण यंत्रात सापडणार नाही. ते करारांत आणि कामाच्या सवयींत शोधावं लागेल.

मॉडेल तयार झालं की पहिल्या तपासणीत हजारो क्लॅश निघतात आणि सादरीकरणात तो आकडा मोठ्या कौतुकाने दाखवला जातो. त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. एकच पाइप एका ओळीतल्या वीस बीमना घासत गेला तर संगणक वीस क्लॅश मोजतो. प्रत्यक्षात घ्यायचा निर्णय एकच असतो. आणि तो निर्णय घ्यायला माणूस लागतो: पाइप खाली घ्यायचा की बीम बदलायचा, हे कोण ठरवणार, किती दिवसांत, आणि ठरलेलं कोणाकोणाला कळवणार? आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले. त्यात सुरेख चित्रांपेक्षा याच प्रश्नांची चर्चा जास्त आहे. माहितीची प्रत्येक फाइल चारपैकी एका अवस्थेत असली पाहिजे, असं ते मानक सांगतं: अजून काम चालू असलेली, इतरांना पाहण्यासाठी दिलेली, मंजूर होऊन वापरायला मोकळी केलेली, आणि जुनी म्हणून जपून ठेवलेली. वाचायला हे रुक्ष वाटतं. पण साइटवरच्या कपाटात एकाच मजल्याची तीन ड्रॉइंग निघतात आणि फिटरने त्यातल्या जुन्या ड्रॉइंगवरून सळया बांधलेल्या असतात, तेव्हा या रुक्ष नियमाची किंमत कळते.

नोंद न ठेवता केलेला बदल काय करू शकतो, याचं सर्वांत विदारक उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं आहे. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या भव्य दालनात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पादचारी पूल एकाखाली एक, छताला टांगलेल्या पोलादी सळयांवर लटकत होते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दालन गर्दीने भरलेलं असताना ते दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ आराखड्यात एकच अखंड सळई छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जाणार होती. म्हणजे चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर फक्त त्याच पुलाचा भार येणार होता. एवढ्या लांब सळईवर आटे पाडणं अवघड, म्हणून पोलादाचं काम करणाऱ्यांनी तिचे दोन तुकडे सुचवले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. कागदावर बदल क्षुल्लक दिसतो. पण आता खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला, आणि वरच्या नटावरचा भार दुप्पट झाला. तपासात असंही निघालं की मूळ जोडसुद्धा नियमांना लागणाऱ्या ताकदीचा नव्हता. बदलाच्या ड्रॉइंगवर अभियंत्यांच्या कार्यालयाचा शिक्का होता, पण त्या जोडाचं गणित नव्याने कोणी केलेलं नव्हतं. या बदलाबद्दल फोनवर काय ठरलं होतं, याविषयी दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं पडलं. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

बीआयएम असतं तर हे टळलंच असतं, असा दावा मी करणार नाही. मॉडेलमध्ये दोन सळया काढणं एका सळईइतकंच सोपं आहे, आणि त्यांच्यात क्लॅशही नाही. संगणकाने तक्रार केली नसती. उपयोग झाला असता तो पद्धतीचा: बदलाची मागणी कोणी केली, ती कोणत्या जोडाला लागू आहे, त्याचं गणित कोणी तपासलं आणि कोणत्या तारखेला मान्य केलं, हे त्या जोडालाच चिकटलेलं असतं तर रिकामी राहिलेली जागा डोळ्यांत भरली असती. मॉडेलचा हा भाग कोणी विकत नाही, कारण तो सॉफ्टवेअरच्या डब्यात मिळत नाही. तो मालकाने मागावा लागतो आणि करारात लिहून घ्यावा लागतो.

मालकाने मागितलं की काय होतं, हे आपल्याकडे नागपूर मेट्रोत पाहता येतं. पहिल्या टप्प्याची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये झाली, अंदाजित खर्च ८,६८० कोटी रुपये. ती उभारणाऱ्या महामेट्रो या संस्थेने कामाच्या सुरुवातीपासूनच पाच मितींच्या बीआयएमचा आग्रह धरला: रचना, वेळापत्रक आणि खर्च एकाच डिजिटल व्यवस्थेत बांधायचे. महत्त्व या ‘सुरुवातीपासून’ला आहे. बऱ्याच ठिकाणी आधी द्विमितीय ड्रॉइंग पूर्ण होतात आणि मग अट पुरी करायची म्हणून कोणीतरी त्यांच्यावरून मॉडेल उभं करून देतो. तोवर निर्णय होऊन गेलेले असतात. वर्धा मार्गावर नागपूरकरांनी जे उभं राहताना पाहिलं त्याचा विचार करा. खाली रस्ता, त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, आणि हे सगळं खांबांच्या एकाच रांगेवर, ३.१४ किलोमीटर. मेट्रोचा तेव्हाचा सर्वांत लांब दुमजली पूल म्हणून त्याची नोंद २०२२ मध्ये गिनीज बुकात झाली होती. अशा खांबाला दोन धनी असतात. उड्डाणपुलाचा उतार थोडा बदलला तर वरच्या मेट्रोच्या रुळांपर्यंत हिशोब जातो, आणि एका संस्थेच्या कागदातला बदल दुसरीच्या कागदात त्याच दिवशी पोचायलाच हवा. माहितीची एकच चौकट इथे चैनीची गोष्ट राहत नाही.

याच प्रकल्पातून मर्यादाही दिसते. नागपूर मेट्रोची पहिली प्रवासी गाडी मार्च २०१९ मध्ये धावली, पण पहिल्या टप्प्याचे सगळे मार्ग खुले व्हायला ११ डिसेंबर २०२२ उजाडला. मध्ये करोनाचा काळ गेला. जागेचा ताबा, झाडं, वाहतूक वळवणं, महासाथ या गोष्टी मॉडेलच्या कक्षेबाहेरच्या आहेत. आणि जुन्या शहराच्या पोटात काय आहे, हे तर कोणत्याच संगणकाला आपोआप ठाऊक नसतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी टाकलेली जलवाहिनी नेमकी कुठून जाते, हे महापालिकेच्या नकाशात एक असतं आणि खणल्यावर दुसरंच निघतं. मॉडेलमध्ये जे भरलं तेच मॉडेल दाखवणार.

इथे टीकाकारांचा सर्वांत जोरदार मुद्दा येतो, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. लंडनचा क्रॉसरेल प्रकल्प, आजची एलिझाबेथ लाइन, बीआयएमचा आदर्श म्हणून जगभर दाखवला जात होता. ती गाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची होती. मधला मुख्य भाग खुला झाला २४ मे २०२२ ला, आणि खर्चही कितीतरी पटींनी नसला तरी अब्जावधी पौंडांनी वाढला. मग एवढ्या मॉडेलचा उपयोग काय? उशिराची कारणं पाहिली तर उत्तर मिळतं. वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणा गाडीच्या सॉफ्टवेअरशी जुळवणं, स्थानकांमधली यंत्रं बसवून त्यांच्या चाचण्या पार पाडणं, आणि न जमणारी तारीख जमेल असं व्यवस्थापनाने शेवटपर्यंत धरून बसणं, ही त्यातली ठळक कारणं. पाइप-बीमचा मेळ बसला म्हणून संस्थांचा मेळ बसतो असं नाही. क्रॉसरेलवरून बीआयएम निरुपयोगी ठरत नाही. बीआयएम असल्यामुळे प्रकल्प वेळेत होईल असं आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, एवढं मात्र नक्की ठरतं. नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येकाला हे आश्वासन आवडतं, म्हणून त्यावर विसंबू नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सॉफ्टवेअरचे परवाने महाग असतात, ते दरवर्षी भरावे लागतात, चांगला संगणक आणि शिकलेला माणूस लागतो. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या अभियंत्याने हे कुठून आणायचं? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर सरसकट सक्ती न करण्यात आहे. ब्रिटनने २०११ मध्ये धोरण जाहीर केलं आणि एप्रिल २०१६ पासून सक्ती केली, ती केंद्र सरकारच्या प्रकल्पांपुरती. सिंगापूरने मंजुरीसाठी मॉडेल मागताना आधी २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारती घेतल्या आणि २०१५ मध्ये ही मर्यादा ५,००० वर आणली. दुमजली घराला याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयाला आहे. परवान्यांच्या महागाईबद्दल मोठमोठ्या संस्थाही तक्रार करतातच: २०२० मध्ये ब्रिटनमधल्या नामवंत वास्तुविशारद कंपन्यांनी रेव्हिट हे बीआयएमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कला उघड पत्र लिहून वाढत्या किमती आणि रखडलेल्या सुधारणांबद्दल नाराजी कळवली होती. म्हणूनच सार्वजनिक पैशाच्या कामात मॉडेल कोणत्याही एका कंपनीच्या फाइलमध्ये अडकू देऊ नये. आयएफसी नावाचं खुलं स्वरूप त्यासाठीच आहे. पन्नास वर्षं टिकायच्या इमारतीची माहिती दहा वर्षांनी बंद पडू शकणाऱ्या फाइलमध्ये ठेवणं शहाणपणाचं नाही.

तिसरी अडचण कमी बोलली जाते, आणि मला ती सर्वांत अवघड वाटते. आपल्याकडे काम सर्वांत कमी दराच्या निविदेला जातं, आणि निविदा निघते तेव्हा ड्रॉइंग बऱ्याचदा अर्धीमुर्धीच असतात. दर पाडून काम घेतलेला कंत्राटदार पुढे एक्स्ट्रा आयटममधून भरपाई करतो. ड्रॉइंगमधली प्रत्येक विसंगती त्याच्या हिशोबी एक जादा बिल असते. म्हणजे गोंधळात कोणाचा तरी फायदा आहे, आणि माहिती आधीच स्वच्छ झाली तर तो जातो. शिवाय बीआयएममध्ये विचाराचं ओझं पुढच्या टप्प्यावरून आधीच्या टप्प्यावर येतं: आरसीसी आणि यंत्रणांचे सल्लागार पूर्वी स्लॅब पडता पडता जे ठरवत, ते त्यांना कागद निघण्याआधी ठरवावं लागतं. फीचे टप्पे मात्र जुनेच राहिले, तर तो माणूस आधी जास्त काम का करेल? म्हणून निविदेत ‘बीआयएम आवश्यक’ अशी एक ओळ घालून काही साधत नाही. फी आधीच्या टप्प्यावर सरकवणं, निविदेआधी मेळ पूर्ण करायला दोन-तीन महिने देणं आणि मॉडेलमधल्या परिमाणांना बिलात काय मान आहे हे ठरवणं, ही खरी कामं आहेत. सरकारी खात्यात चालू कामाचं (आरए) बिल शेवटी मोजमाप पुस्तकावरूनच निघतं. मॉडेल आणि ते पुस्तक यांचा संबंध काय, हे ठरल्याशिवाय मॉडेल प्रदर्शनातच राहणार.

बांधकाम संपल्यावर या माहितीची गरज संपत नाही. राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती तेव्हा सुरू होते. १४ जून २०१७ रोजी लंडनमधली २४ मजल्यांची ग्रेनफेल टॉवर ही इमारत पेटली आणि ७२ माणसं गेली. आग बाहेरच्या आवरणाच्या ज्वलनशील पत्र्यांवरून वर चढत गेली. त्यानंतर डेम ज्युडिथ हॅकिट यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात आग्रह धरला, की इमारतीत काय बसवलं आहे आणि कोणी, केव्हा बदललं याची अखंड डिजिटल नोंद रचनेपासून वापरापर्यंत राखली जावी. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने किमान १८ मीटर उंचीच्या किंवा किमान सात मजल्यांच्या निवासी इमारतींसाठी ती बंधनकारक झाली. आपल्याकडे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला गेलेल्या अभियंत्याला सोसायटीच्या कपाटात आरसीसी ड्रॉइंग क्वचितच मिळतात. मग तो काँक्रीटचे गाभे काढतो, हातोडा आपटून अंदाज घेतो आणि आतली सळई किती जाडीची हे यंत्राने चाचपतो. एकदा माहीत असलेली गोष्ट पुन्हा पैसे मोजून शोधायची, तीही रहिवाशांच्या खर्चाने.

अर्थात, चुकीचं मॉडेल हे मॉडेल नसण्यापेक्षा घातक असतं, कारण त्यावर लोक विसंबतात. प्लंबरने साइटवर पाइप दोन फूट सरकवला आणि मॉडेलमध्ये तो जुन्याच जागी राहिला, तर दहा वर्षांनी भिंतीत ड्रिल घालणारा माणूस थेट पाइपातच घालणार. यावरचा उपाय महागडा नाही. काँक्रीट ओतण्याआधी सळयांची तपासणी होतेच. तेव्हाच तारखेसह, ग्रिडच्या क्रमांकासह फोटो काढून त्या बीमला जोडता येतो. प्लॅस्टर चढण्याआधी बाथरूमच्या प्रत्येक भिंतीचा फोटो, बाथरूमच्या खोलगट (सन्क) स्लॅबमधल्या पाइपांची जागा, वॉटरप्रूफिंगला वापरलेला माल, एवढं ठेवलं तरी पुढची कित्येक भांडणं मिटतील.

कायद्याची पायवाटही तयार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे विकासकाने आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेला द्यायचे असतात, आणि चौदाव्या कलमाप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र दोष कोणाचा हे ठरवायला आधी आत काय बांधलं गेलं हे कळावं लागतं. त्या कागदपत्रांमध्ये काय काय असलं पाहिजे, कोणत्या स्वरूपात, आणि कोणाच्या सहीने, याची यादी महारेराने ठरवून द्यावी: प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे अद्ययावत केलेलं आरसीसी आणि पाइपांचं मॉडेल आयएफसी स्वरूपात, त्यातल्या मंजूर बदलांची तारीखवार नोंद, आणि ओतण्याआधीच्या सळयांचे फोटो. एका ठरावीक आकारापुढच्या प्रकल्पांपासून सुरुवात करता येईल. विकासकाला हे करायला फ्लॅटच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्च येतो, अट एवढीच की त्याने पहिल्या दिवसापासून नोंद ठेवलेली असावी; शेवटच्या महिन्यात जमवायला बसला तर ती माहिती कोणाकडेच उरलेली नसते.